साइन-इन होत नाही, सिंक अडकलंय: घरच्या कॉम्प्युटरवर दोष कसा शोधायचा

पासवर्ड बरोबर असूनही खातं उघडत नाही. किंवा खातं उघडतं, पण फोनवरून टाकलेले फोटो कॉम्प्युटरच्या फोल्डरमध्ये येतच नाहीत. अशा वेळी हात आपोआप तीन गोष्टींकडे जातात: साइन-आउट करणं, ॲप काढून पुन्हा टाकणं आणि काहीच जमलं नाही तर विंडोज रिसेट करणं. या तिन्ही उपायांनी काही वेळा काम होतं, म्हणूनच ते सगळीकडे सुचवले जातात. पण जी फाइल अजून सर्व्हरपर्यंत, म्हणजे सेवा देणाऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरपर्यंत, पोचलेलीच नाही, तिची जगातली एकमेव प्रत याच कॉम्प्युटरवर आहे. ती एकदा पुसली गेली की कुठलीही कंपनी ती परत देऊ शकत नाही. म्हणून या लेखातला क्रम मुद्दाम उलटा आहे. आधी डेटा सुरक्षित करायचा, मग दोष कुठे आहे ते ठरवायचं आणि शेवटी दुरुस्तीला हात घालायचा.

पायरी १: काहीही दाबण्याआधी प्रत काढा

सिंक होणारा फोल्डर उघडा आणि फाइलींच्या बाजूची चिन्हं बघा. वनड्राइव्हमध्ये (मायक्रोसॉफ्टची फाइली साठवण्याची सेवा) ढगाचं चिन्ह म्हणजे फाइल फक्त सर्व्हरवर आहे, हिरवी खूण म्हणजे ती कॉम्प्युटरवरही उतरलेली आहे. गोल फिरणारे बाण किंवा लाल फुली असलेल्या फाइलींची काळजी करायची, कारण त्यातले बदल वर गेलेले नाहीत. अशा फाइली पेन ड्राइव्हवर, बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा सिंकच्या फोल्डरबाहेर दुसऱ्या ठिकाणी कॉपी करा.

इथे 'कॉपी' हा शब्द काटेकोरपणे घ्या. 'कट' करून बाहेर नेलेली फाइल सिंकच्या दृष्टीने डिलीट झालेली असते. सिंक पुन्हा सुरू झालं की ती सर्व्हरवरून आणि तिथून फोनवरूनही काढली जाते. एका ठिकाणी केलेला बदल सगळीकडे पोचवणं हेच सिंकचं काम आहे, आणि डिलीट करणं हाही त्याच्या लेखी एक बदलच. त्यामुळे सिंक चालू आहे म्हणजे बॅकअप आहे असं धरून चालू नका. वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यात आणि गूगल ड्राइव्हमध्ये डिलीट केलेली फाइल कचरापेटीत ३० दिवस राहते, नंतर ती कायमची जाते.

अडचण ब्राउझरच्या सिंकची असेल तर बुकमार्क एक्स्पोर्ट करून ठेवा. साठवलेले पासवर्डही एक्स्पोर्ट करता येतात, पण त्या फाइलमध्ये ते कुणालाही वाचता येतील अशा साध्या अक्षरांत असतात. काम झालं की ती फाइल पुसून रिसायकल बिनही रिकामा करा.

पायरी २: दोष खात्यात आहे, यंत्रात आहे, नेटवर्कमध्ये आहे की सिंकच्या प्रोग्रॅममध्ये?

ही पायरी पाच मिनिटांची आहे आणि तिने कित्येक तास वाचतात. तेच खातं दुसऱ्या यंत्रावर, म्हणजे फोनवर किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरवर, ॲपमधून नको तर ब्राउझरमधून उघडून बघा. ॲपमध्ये जुनं साइन-इन साठवलेलं असतं, त्यामुळे ते चालतंय एवढ्यावरून आज पासवर्ड स्वीकारला जातोय असं सिद्ध होत नाही.

कुठेच उघडत नसेल तर दोष खात्यात आहे: पासवर्ड, पडताळणीचा कोड किंवा कंपनीने घातलेलं कुलूप. कॉम्प्युटरशी झटापट थांबवा. फोनवर उघडतं पण कॉम्प्युटरवर नाही, तर एक चाचणी आणखी करा: फोनचा हॉटस्पॉट सुरू करून कॉम्प्युटर त्याला जोडा. आता उघडलं तर दोष घरच्या राउटरकडे किंवा इंटरनेट जोडणीकडे आहे. तरीही उघडलं नाही तर तो यंत्रातच आहे. आणि कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये खातं नीट उघडतं, सगळ्या फाइली दिसतात, फक्त फोल्डर जुनाच राहिलाय, असं असेल तर साइन-इनचा प्रश्नच नाही. सरळ पायरी ७ कडे जा.

चूक झाल्याचं सांगणाऱ्या संदेशाचा फोटो काढून ठेवा. त्यातला क्रमांक पुढे शोधताना उपयोगी पडतो आणि 'काहीतरी चुकलं' असं म्हणणाऱ्या दोन संदेशांतला फरक बहुधा त्या क्रमांकातच असतो. कंपनीचं सेवा-स्थिती सांगणारं पानही याच वेळी बघा. बिघाड त्यांच्याकडे असेल तर तुमच्याकडे करण्यासारखं काही नाही आणि काही करूही नये.

पायरी ३: घड्याळ

सगळ्यात दुर्लक्षित कारण हेच, म्हणून यावर थोडं थांबू या. ब्राउझर एखाद्या साइटशी सुरक्षित जोडणी करतो तेव्हा साइट आपलं प्रमाणपत्र दाखवते. त्या प्रमाणपत्रावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत ग्राह्य' असं लिहिलेलं असतं. कॉम्प्युटरची तारीख त्या मुदतीबाहेर असेल तर त्याच्या लेखी प्रमाणपत्र एकतर संपलेलं किंवा अजून सुरूच न झालेलं असतं आणि तो जोडणी नाकारतो. ब्राउझर निदान तारखेबद्दल इशारा तरी देतो. सिंकचे प्रोग्रॅम अनेकदा नुसतं 'कनेक्ट होऊ शकत नाही' एवढंच म्हणतात आणि आपण राउटर तपासत बसतो.

फक्त वेळ बघू नका, तारीख, वर्ष आणि टाइम झोन तिन्ही बघा. टाइम झोन चुकीचा असून कुणीतरी काटे हाताने जुळवले असतील तर पडद्यावर वेळ बरोबर दिसते, पण आतली वेळ काही तासांनी चुकलेली असते. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग टाइम अँड लँग्वेज, मग डेट अँड टाइम इथे जा. टाइम झोन तपासा, वेळ आपोआप घेण्याचा पर्याय चालू करा आणि 'सिंक नाऊ' दाबा. फरक फार मोठा असेल, वर्षच चुकलेलं असेल, तर विंडोज आपोआप दुरुस्ती नाकारू शकतं. तेव्हा तारीख आधी हाताने बरोबर करा आणि मग 'सिंक नाऊ' दाबा.

कॉम्प्युटरची वीज काढून ठेवली की दर वेळी तारीख मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा सेल संपलाय. बहुतेक डेस्कटॉपमध्ये तो सीआर२०३२ नावाचा ३ व्होल्टचा, नाण्यासारखा सेल असतो. तो बदलला की प्रश्न मिटतो. एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर वेगळीच गंमत होते: लिनक्स सहसा यंत्राच्या घड्याळात जागतिक प्रमाणवेळ ठेवतं आणि विंडोज स्थानिक वेळ. एकातून दुसऱ्यात गेलं की काही तासांचा फरक पडतो. दोघांपैकी एकाची सेटिंग बदलावी लागते. लिनक्सची बदलणं सोपं.

कॉम्प्युटर जुना असेल तर घड्याळ बरोबर असूनही हाच दोष दिसू शकतो. प्रमाणपत्रं तपासण्यासाठी यंत्रात मूळ प्रमाणपत्रांची एक यादी असते आणि त्यांचीही मुदत संपते. ३० सप्टेंबर २०२१ ला असंच एक खूप वापरातलं मूळ प्रमाणपत्र संपलं आणि वर्षानुवर्षं अपडेट न झालेल्या यंत्रांवर अनेक साइट उघडेनाशा झाल्या. क्रोमने विंडोज ७ आणि ८.१ चा आधार २०२३ च्या फेब्रुवारीत, आवृत्ती ११० पासून थांबवला. वनड्राइव्हचं डेस्कटॉप ॲप त्या विंडोजवर २०२२ मध्येच सिंक करेनासं झालं. अशा यंत्रावर तासन्‌तास दोष शोधू नका. फाइली ब्राउझरमधून चढवा-उतरवा आणि यंत्र किंवा विंडोज बदलण्याचा विचार करा.

पायरी ४: नेटवर्क

हॉटस्पॉटवर चाललं आणि घरच्या वायफायवर नाही, तरच इथे वेळ घालवा. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा. व्हीपीएन (तुमची जोडणी दुसऱ्या ठिकाणाहून वळवणारी सेवा) असेल तर बंद करा. त्यामुळे तुम्ही दुसऱ्याच देशातून आल्यासारखे दिसता आणि खात्याची सुरक्षा यंत्रणा संशय घेते. विंडोजच्या नेटवर्क सेटिंग्जमध्ये प्रॉक्सी (जोडणी ज्याच्यामार्फत जाते तो मधला सर्व्हर) बघा. तुम्ही कधीच प्रॉक्सी लावला नसेल आणि तिथे काही पत्ता दिसत असेल तर तो एखाद्या नको असलेल्या प्रोग्रॅमने घातलेला असू शकतो. तो बंद करून व्हायरस स्कॅन चालवा. काही अँटीव्हायरस सुरक्षित जोडण्यांच्या मध्ये बसून त्या तपासतात. संशय असेल तर तेवढीच तपासणी थोड्या वेळासाठी बंद करून बघा, पूर्ण अँटीव्हायरस काढू नका.

पायरी ५: पासवर्ड, पिन आणि कोड

'पासवर्ड चुकीचा' असा संदेश आला की तो आधी नोटपॅडमध्ये टाइप करून डोळ्यांनी बघा आणि मग पुसून टाका. कॅप्स लॉक चालू असतो, किंवा कीबोर्डची भाषा बदललेली असते. मराठी आणि इंग्रजी दोन्ही कीबोर्ड वापरणाऱ्यांना हे वारंवार होतं. विंडोज की धरून स्पेसबार दाबला की भाषा बदलते, आणि लॉगिनच्या पडद्यावरही भाषेचा पर्याय दिसतो.

विंडोजचा पिन आणि मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिन फक्त त्याच एका यंत्रापुरता असतो, साइटवर तो चालणार नाही. तसंच, तुम्ही फोनवरून मायक्रोसॉफ्टचा पासवर्ड बदललात आणि कॉम्प्युटर इंटरनेटला जोडलेला नसेल, तर तो अजून जुनाच पासवर्ड मागत राहील. आधी इंटरनेट जोडा, मग नवा टाका.

कुणी सल्ला दिला की ॲडमिनच्या खात्यातून तुमच्या लोकल (फक्त त्याच कॉम्प्युटरपुरत्या) खात्याचा पासवर्ड जबरदस्तीने बदलू, तर थांबा. विंडोज तुमचे साठवलेले पासवर्ड ज्या किल्लीने कुलूपबंद ठेवतं, ती तुमच्या जुन्या पासवर्डशी बांधलेली असते. असा बदल केला की ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड वाचता येत नाहीत. जुना पासवर्ड आठवत असेल तर आधी आत शिरून तो नेहमीच्या पद्धतीने बदला.

पडताळणीचा सहा अंकी कोड फोनवरच्या ॲपमधून येत असेल तर तो वेळेवरून बनतो आणि साधारणपणे दर ३० सेकंदांनी बदलतो. इथे कॉम्प्युटरचं नाही, फोनचं घड्याळ महत्त्वाचं. फोनमध्ये आपोआप वेळ घेण्याचा पर्याय चालू करा आणि नवा कोड सुरू झाल्याबरोबर टाका. कोड एसएमएसने येत असेल तर 'पुन्हा पाठवा' सारखं दाबू नका. नवा कोड मागितला की जुना सहसा बाद होतो आणि उशिरा आलेले कोड उलटसुलट क्रमाने पोचले की प्रत्येक वेळी चुकीचाच टाकला जातो. एकदा मागा, थांबा, सगळ्यात शेवटी आलेला टाका. बऱ्याच चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं काही काळ बंद होतं. त्या काळात केलेला प्रत्येक नवा प्रयत्न तो काळ वाढवू शकतो.

आउटलुक किंवा थंडरबर्डसारखा मेल प्रोग्रॅम सारखा पासवर्ड विचारत असेल आणि बरोबर पासवर्डही घेत नसेल, तर कारण वेगळं असतं. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट दोघांनीही वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या नाव-पासवर्डावर चालणारं जुनं साइन-इन बंद केलं: गूगलने २०२२ मध्ये, मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये. त्या प्रोग्रॅममधून खातं काढून नव्याने जोडा आणि कंपनीचंच साइन-इन पान उघडतंय का बघा. प्रोग्रॅम फारच जुना असेल आणि गूगल खात्याला द्विस्तरीय पडताळणी लावलेली असेल, तर १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड (फक्त त्या प्रोग्रॅमसाठीचा वेगळा पासवर्ड) तयार करून वापरता येतो. मात्र गूगलचा मुख्य पासवर्ड बदललात की हे ॲप पासवर्ड रद्द होतात. 'कालपर्यंत मेल येत होता' या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं.

पायरी ६: ब्राउझर आणि साठवलेली ओळख

तीच साइट ब्राउझरच्या खासगी खिडकीत, म्हणजे इनकॉग्निटोमध्ये, उघडा. तिथे साइन-इन झालं तर पासवर्ड, घड्याळ, नेटवर्क सगळं ठीक आहे. दोष कुकीजमध्ये (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदींत) किंवा एखाद्या एक्स्टेन्शनमध्ये (ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) आहे. सगळ्या कुकीज पुसू नका, नाहीतर उरलेल्या साइटवरूनही बाहेर पडाल. ॲड्रेस बारमधल्या चिन्हावर क्लिक करून फक्त त्या साइटचा डेटा पुसा. मग एक्स्टेन्शन सगळी बंद करून एकेक चालू करत जा.

क्रोममध्ये दर वेळी 'सिंक थांबलंय' असं येत असेल तर एक सेटिंग तपासा: ब्राउझर बंद करताना साइटचा डेटा पुसण्याची. ती चालू असेल तर तुमचं साइन-इनही रोज पुसलं जातं. कुकीज साफ करणारी एक्स्टेन्शन आणि सफाईचे प्रोग्रॅमही हेच करतात.

फायरफॉक्सबद्दल एक इशारा. त्याचा सिंक केलेला डेटा ज्या किल्लीने बंद होतो ती पासवर्डातून तयार होते. जुना पासवर्ड माहीत असताना बदलला तर काही बिघडत नाही. पण 'पासवर्ड विसरलो' म्हणून रिसेट केलात आणि रिकव्हरी की (राखीव किल्ली) तयार केलेली नसेल, तर सर्व्हरवरचा डेटा जातो. ज्या यंत्रात तो अजून आहे तिथून तो पुन्हा वर चढतो. म्हणून रिसेट करण्याआधी असं एक तरी यंत्र शाबूत आहे याची खात्री करा आणि त्यावरून काही काढू नका.

ब्राउझर ठीक आहे पण प्रोग्रॅम सारखा साइन-इन मागतो, तर जुनी साठवलेली ओळख अडकलेली असते. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेलमधला क्रेडेन्शियल मॅनेजर उघडा, मॅकवर कीचेन ॲक्सेस. तिथे फक्त त्या सेवेच्या नावाची नोंद काढा आणि प्रोग्रॅम पुन्हा सुरू करा. विंडोज सेटिंग्जमध्ये अकाउंट्सखाली तुमच्या माहितीच्या पानावर 'व्हेरिफाय' दिसत असेल तर तेही पूर्ण करा. ते बाकी असेल तर साठवलेले पासवर्ड यंत्रांमध्ये सिंक होत नाहीत.

पायरी ७: साइन-इन आहे, पण सिंक होत नाही

सर्वांत आधी जागा. वनड्राइव्ह आणि आयक्लाउड फुकटात ५ जीबी देतात. गूगल १५ जीबी देतं, पण ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. गूगलची जागा भरली तर फाइली चढणं थांबतं आणि मेल येणंही बंद होतं. मग कॉम्प्युटरच्या डिस्कवरची जागा बघा, कारण उतरवायला जागाच नसेल तरीही सिंक अडतं.

दुसरं, सिंक थांबवलेलं तर नाही ना? वनड्राइव्ह २, ८ किंवा २४ तासांसाठी थांबवता येतं, आणि बॅटरी सेव्हर चालू झाला किंवा जोडणी मीटर्ड (डेटा मोजून वापरायची) म्हणून नोंदवलेली असली तर ते आपोआप थांबतं. पायरी २ मध्ये हॉटस्पॉट जोडला असेल तर हे विशेष लक्षात ठेवा. तिसरं, खातं तेच आहे का? मायक्रोसॉफ्टमध्ये एकाच ईमेल पत्त्यावर वैयक्तिक आणि ऑफिसचं अशी दोन वेगळी खाती असू शकतात. दोन्हींचे वनड्राइव्ह वेगळे. फाइली 'गायब' झाल्या असं वाटतं तेव्हा त्या अनेकदा दुसऱ्या खात्यात सुखरूप असतात.

सगळ्या फाइली जातात आणि काहीच अडतात, तेव्हा त्या फाइलींची नावं बघा. विंडोज नावामध्ये तारका, प्रश्नचिन्ह, विसर्गासारखी दोन टिंबं, उभी रेघ, दुहेरी अवतरणचिन्ह, कोनी कंस आणि दोन्ही तिरप्या रेघा चालवून घेत नाही. मॅक किंवा लिनक्सवर तयार झालेल्या फाइलींत अशी चिन्हं असू शकतात. नावाच्या सुरुवातीला किंवा शेवटी राहिलेली मोकळी जागाही नडते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. फोल्डरात फोल्डर, त्यात पुन्हा फोल्डर असं करत गेलं की पूर्ण पत्ता लांबतो. वनड्राइव्हची मर्यादा ४०० अक्षरांची आहे, विंडोजमधले कित्येक प्रोग्रॅम २६० च्या आसपासच अडखळतात. वरच्या फोल्डरांची नावं लहान करा. फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी असेल तर बंद करा. आउटलुकच्या पीएसटीसारख्या सतत बदलणाऱ्या मोठ्या मेल-फाइली सिंकच्या फोल्डरमध्ये ठेवूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

एकच फोल्डर दोन सेवांच्या ताब्यात देऊ नका. डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हही सांभाळतं आणि गूगल ड्राइव्हही, असं झालं की दोघं एकमेकांचे बदल पुन्हा पुन्हा पुढे ढकलत राहतात. नावापुढे कॉम्प्युटरचं नाव जोडलेली दुसरी प्रत दिसली तर ती पुसण्याआधी दोन्ही उघडून बघा. ती एकाच वेळी दोन ठिकाणी झालेल्या बदलांमुळे बनते, आणि नवं लिखाण कोणत्या प्रतीत आहे हे तारखेवरून नेहमी कळत नाही.

हे सगळं झालं तरच खातं कॉम्प्युटरपासून तोडून पुन्हा जोडा. पुन्हा जोडताना जुनाच फोल्डर निवडा, म्हणजे प्रोग्रॅम आहे त्या फाइली जुळवून घेतो. मोठ्या फोल्डरला यात बराच वेळ लागतो, मध्ये थांबवू नका. संपल्यावर दोन्ही बाजूंनी तपासा: कॉम्प्युटरवर एक छोटी मजकुराची फाइल बनवा आणि ती साइटवर दिसते का बघा, मग साइटवरून दुसरी टाका आणि ती कॉम्प्युटरवर उतरते का बघा. एकाच बाजूची चाचणी अर्धवट असते.

पायरी ८: विंडोजच नीट उघडत नाही तेव्हा

लॉगिन केल्यावर डेस्कटॉप रिकामा दिसतो आणि तात्पुरत्या प्रोफाइलचा संदेश येतो, तर घाबरू नका. तुमच्या फाइली बहुतेक वेळा सी ड्राइव्हच्या यूजर्स फोल्डरमध्ये तुमच्या नावाखाली जागेवरच असतात. त्या प्रोफाइलमध्ये काहीही सेव्ह करू नका, साइन-आउट करताच ते पुसलं जातं. कॉम्प्युटर दोन-तीनदा पूर्ण रीस्टार्ट करा. फरक पडला नाही तर दुसऱ्या ॲडमिन खात्यातून फाइलींची प्रत काढा आणि नवं खातं बनवून त्यात हलवा.

रिसेट किंवा बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅममध्ये) बदल करण्याआधी डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाने, कुलूपबंद आहे का बघा. असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागू शकते. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलेल्या घरगुती यंत्रांत ती सहसा त्याच खात्यात साठवलेली असते. ती आधी दुसऱ्या यंत्रावर उघडून कागदावर लिहून घ्या. ज्या खात्यात शिरताच येत नाही त्यातच किल्ली असेल, तर रिसेट अजिबात करू नका, आधी खातं परत मिळवा.

पायरी ९: खातं परत मिळवणं

कंपनीच्या रिकव्हरी पानावर ज्या यंत्रावरून, ज्या ब्राउझरमधून आणि ज्या ठिकाणाहून तुम्ही नेहमी साइन-इन करत होता तिथूनच जा. ओळख पटवताना हे जमेस धरलं जातं. छापून ठेवलेले बॅकअप कोड असतील तर ते आता काढा. गूगल एका वेळी असे १० कोड देतं आणि प्रत्येक एकदाच चालतो. खूप काळ खातं वापरलं नसेल तर आणखी एक शक्यता आहे: २ वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल पुसू शकतं. त्यामुळे जुन्या फोटोंसाठी ठेवलेल्या खात्यात अधूनमधून साइन-इन करत राहा.

या टप्प्यावर माणूस हतबल असतो आणि नेमकी हीच वेळ फसवणाऱ्यांची असते. सर्च केल्यावर दिसणारे 'सपोर्ट'चे फोन नंबर, पडद्यावर अचानक आलेला नंबर, पैसे घेऊन खातं परत मिळवून देणारे एजंट, यांपैकी कुणालाही कोड सांगू नका आणि कुणालाही कॉम्प्युटरचा ताबा देऊ नका. चूक झाल्याचं सांगणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या संदेशांत कधीच फोन नंबर नसतो.

मायक्रोसॉफ्ट खात्याची सगळीच सुरक्षा माहिती, म्हणजे नोंदवलेला फोन नंबर आणि दुसरा ईमेल, बदलावी लागली तर ३० दिवसांची प्रतीक्षा असते आणि ती कुणालाही कमी करता येत नाही. ॲपलचं खातं परत मिळवायलाही काही दिवस लागू शकतात. त्या काळात नवी विनंती करू नका. आणि तुम्ही न केलेल्या बदलाची सूचना जुन्या ईमेलवर आली, तर त्या मेलमधल्या लिंकवर क्लिक न करता कंपनीच्या साइटवर स्वतः जाऊन तो बदल रद्द करा. असा बदल थांबवता यावा, हाच त्या ३० दिवसांमागचा हेतू आहे.